पुण्यात राहून कलेक्टर स्पोर्ट्स कार घेताय? भाव, कागद, गाडी आणि हिशोब कसा बघायचा

२०१६ साली पोर्शने ९११ आर काढली. एकूण ९९१ गाड्या, ४ लिटरचं इंजिन, फक्त मॅन्युअल गिअरबॉक्स, मागे तो मोठा विंग नाही. अमेरिकेत कंपनीची किंमत साधारण १ लाख ८५ हजार डॉलर. तेव्हाच्या जीटी३ मध्ये, म्हणजे ९११ च्याच रेसिंगकडे झुकलेल्या गाडीत, मॅन्युअल मिळतच नव्हता, त्यामुळे लोक या गाडीवर अक्षरशः तुटून पडले आणि ज्यांना मिळाली त्यातले बरेच जण काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट भावाने विकायला लागले, काहींनी तर दहा लाख डॉलर मागितले. मग २०१७ मध्ये पोर्शने नव्या जीटी३ ला मॅन्युअल परत दिला, वर टूरिंग पॅकेज काढलं ज्यात तो विंगही नाही, म्हणजे जवळपास तशीच गाडी कंपनीच्या भावात. आरचे भाव धाडकन खाली आले. चढ्या भावात ज्यांनी उचलली होती त्यांचे लाखो डॉलर गेले, आणि गाडीत काडीचाही दोष नव्हता.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण म्हणजे मला जे कोणी विचारतात, मित्र, मित्रांचे मित्र, सोसायटीतली पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "दादा, लिमिटेड आहे, मॅन्युअल आहे, पाच वर्षात डबल होईल ना?" माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्याकडे या गाड्यांमध्ये पैसे वाढवणं ही फार पुढची गोष्ट आहे, पैसे न बुडवणं हेच मुख्य काम आहे, आणि ते गाडी घ्यायच्या दिवशीच जवळजवळ ठरून जातं, कागद काय आहेत, गाडी कशी आहे आणि घसारा कुठपर्यंत झालाय यावर. खाली मी जे लिहितोय ते त्याच क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका.

पायरी १: तुमचा बाजार भारताचा आहे, जगाचा नाही

युट्यूबवर अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे बघून इथे भाव ठरवणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती शहाणी-सुरती माणसं करतात. कारण समजून घ्या. भारतात जुनी गाडी इम्पोर्ट करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, राइट हँड ड्राइव्ह लागते, ड्युटी वेगळीच. म्हणजे आर३४ स्कायलाइन, एफडी आरएक्स-७, एस२००० या १९९९-२००० च्या आसपासच्या जपानी गाड्या, ज्यांचे जगात भाव आभाळाला भिडलेत, त्या आज कायदेशीर मार्गाने आणून पुण्यात पासिंग करता येत नाहीत. आणि तुमच्याकडची गाडी उचलून बाहेर विकणं पण सोपं नाही. थोडक्यात हा बंद डबा आहे, इथली गाडी इथलाच माणूस घेणार, आणि तसे गिऱ्हाईक देशभरात मोजकेच आहेत.

दुसरी गोष्ट ड्युटीची. अख्खी तयार गाडी बाहेरून आली की कस्टमचं ओझं साधारण ११० टक्के. म्हणजे बंदरावर एक कोटीला उतरलेली गाडी ड्युटी धरून २ कोटी १० लाख, त्यावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, झाले २ कोटी ९४ लाख, अजून डीलरचं मार्जिन बाकी आणि रोड टॅक्स बाकी. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला खाजगी नावावर १३ टक्के, पण कंपनीच्या नावावर किंवा इम्पोर्टेड असेल तर २० टक्के, आणि त्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. आता बघा, या किमतीत खरी गाडी एक तृतीयांश, बाकी सगळा टॅक्स. तुम्ही सेकंड हँड घेता तेव्हा त्या टॅक्सचा उरलेला भाग पण विकत घेताय.

म्हणून ड्युटी खाली आली की जुन्या गाडीचा भाव तिच्याबरोबर खाली येणार. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या सह्या झाल्या, त्यात ठराविक कोट्यापर्यंत ब्रिटिश गाड्यांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरायची आहे. अ‍ॅस्टन मार्टिन, मॅक्लारेन, लोटस असलं काही मनात असेल तर आज चढा भाव देऊन "पुढे वाढेल" म्हणणं मला तरी पटत नाही. युरोपियन युनियनबरोबरच्या व्यापार कराराच्या वाटाघाटीही जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्या आणि त्यातही गाड्यांची ड्युटी हा मोठा मुद्दा आहे, म्हणजे जर्मन आणि इटालियन गाड्यांच्या बाबतीत पण डोळे उघडे ठेवा. जी गाडी आता बनतच नाही, ड्युटी शून्य झाली तरी नवीन मिळणार नाही, तिला हा धक्का कमी बसतो. निवड करताना ही चाळणी पहिली लावा.

पायरी २: कुठली गाडी टिकते

जगभर जे दिसलंय ते आधी सांगतो. मॅन्युअल गिअरबॉक्स, टर्बो नसलेलं मोठं इंजिन, त्या जातीतली शेवटची गाडी, आणि खरंच कमी संख्या, या चारपैकी निदान दोन गोष्टी असल्या की गाडी टिकते. पोर्श कॅरेरा जीटी, १२७० गाड्या, ५.७ लिटर व्ही१०, मॅन्युअल, नवीन असताना साडेचार लाख डॉलरच्या आतबाहेर. २००८ नंतरच्या मंदीत ती कंपनीच्या किमतीच्याही खाली मिळायची, आणि २०२२ च्या तेजीत लिलावात वीस लाख डॉलरच्या आसपास पोचली. नंतर व्याजदर चढले आणि बाजार थंडावला, आणि २०२३ मध्ये सस्पेन्शनच्या जॉइंटवरून रिकॉल निघाला तेव्हा कंपनीने मालकांना दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका असं सांगितलं. लेक्सस एलएफए तर त्याहून शिकण्यासारखी, ५०० गाड्या, २०१२ ला प्रॉडक्शन बंद, आणि त्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेतल्या शोरूममध्ये नव्या कोऱ्या न विकलेल्या एलएफए पडून होत्या. आज तीच गाडी मूळ किमतीच्या दुपटीवर गेलीये. बीएमडब्ल्यू १एम कूपे ६३०९ बनल्या, काही फार दुर्मिळ नाही, पण मॅन्युअल, छोटी, जोरदार, म्हणून तिचा भाव पडलाच नाही. फेरारी ४५८ ही त्यांची मध्ये इंजिन असलेली शेवटची विना-टर्बो व्ही८, तिची ओढ त्यामुळेच आहे.

आता आपल्या गल्लीत या. एएमजी सी ६३, ती २०१४-१५ पर्यंतची जुनी पिढी, ६.२ लिटर व्ही८ विना-टर्बो. चाकणला मर्सिडीजचा एवढा मोठा प्लांट, पण ही गाडी अख्खी बाहेरून आलेली, संख्या मुळातच कमी. मस्टँग जीटी, २०१६ ला ६५ लाखाला आली, ५ लिटर व्ही८, पण फक्त ऑटोमॅटिक आणि पुण्या-मुंबईत बऱ्याच, त्यामुळे चालवायला मजा, भावाच्या दृष्टीने मध्यम. बीएमडब्ल्यू एम२ ची २०२३ ची पिढी ९८ लाखाला आली आणि तिला मॅन्युअलचा पर्याय होता, मॅन्युअलवाली मिळाली तर माझ्या मते पुढच्या दहा वर्षात तिला मागणी राहील. पोर्श ७१८ ची पेट्रोल गाडी बनवणं २०२५ मध्ये थांबलं, ४ लिटरची जीटीएस किंवा जीटी४ असेल, आणि तीही मॅन्युअल, तर हात सैल सोडायला हरकत नाही.

आणि बजेट २५ लाखांच्या आत असेल तर तोंड पाडून बसू नका, माझं स्वतःचं सगळ्यात जास्त प्रेम इथेच आहे. पोलो जीटीआय, तीन दारांची, १.८ टीएसआय, फक्त ९९ गाड्या. नोव्हेंबर २०१६ ला २५.९९ लाखाला आणली, लोक म्हणाले पोलोला एवढे पैसे कोण देणार, शेवटी कंपनीला १९.९९ लाखापर्यंत खाली यावं लागलं. आज विकायला निघाली तर जाणकारांमध्ये अर्ध्या दिवसात बातमी फिरते. ऑक्टाव्हिया आरएस २४५, २०० गाड्या. आणि आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो, १.४ टी-जेट, १४५ बीएचपी, २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ९.९५ लाखाला. दहा लाखाच्या आत तेव्हा तेवढा दम कुणाकडेच नव्हता आणि फियाट भारतातून गेली, म्हणजे अजून येणार नाहीत. पार्ट मिळायला मात्र त्रास आहे, तो हिशोब आधीच धरा.

पायरी ३: खरा भाव काढायचा कसा

परदेशात लिलावाचे निकाल उघड असतात, कुठली गाडी कितीला गेली ते कुणीही बघू शकतो. आपल्याकडे दिसतो तो फक्त मागितलेला भाव, आणि मागायला काय, कोण काहीही मागेल. म्हणून स्वतःची वही करा किंवा एक्सेल शीट, पण करा. जी गाडी हवी तिच्या देशभरातल्या सगळ्या जाहिराती तीन-चार महिने टिपून ठेवा: वर्ष, किलोमीटर, कितवा मालक, कुठलं पासिंग, रंग, पहिल्यांदा किती मागितले, कमी कधी केले, जाहिरात कधी गायब झाली. चार महिन्यात तुम्हाला कळतं की ९५ मागणारा ८८ वर महिनाभर अडकला होता आणि मग गाडी गेली, म्हणजे खरा भाव ८५ च्या आसपास असणार. शक्य असेल तर विकून झाल्यावर मालकाला फोन करून सरळ विचारा, बरेच जण मोकळेपणाने सांगतात, कारण तोपर्यंत लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

पासिंगचा फरक फार मोठा. दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीवर निर्बंध आलेले असल्यामुळे तिकडच्या दहा-बारा वर्षांच्या गाड्या स्वस्त दिसतात, फोटो बघून जीव जातो, पण एनओसी, इथला रोड टॅक्स, ट्रकवरून आणायचा खर्च, आणि तिकडच्या हवेने झालेली रंगाची अवस्था हे सगळं मिळवलं की एमएच १२ किंवा एमएच १४ ची थोडी महाग गाडी बरी पडते. हिशोब कागदावर करा, मनात नको.

पायरी ४: कागद, आणि इथे घाई करायची नाही

माझ्याबाबतीत झालेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बाहेरच्या शहरातल्या विक्रेत्याकडे गाडी आवडली, सगळं छान, दोन लाख टोकन दिलं. आरसीवर बँकेचं नाव होतं, तो म्हणाला लोन फिटलंय, एनओसी आठवड्यात येईल. आठवड्याचे सात महिने झाले. लोन फिटलंच नव्हतं, माझ्या आणि अजून कुणाच्या टोकनवर तो ते फेडत होता. पैसे परत मिळाले, पण त्या सात महिन्यात मी दुसरी चांगली गाडी हातची घालवली, त्याचं वाईट अजून वाटतं. तेव्हापासून नियम एकच, बँकेचं फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ (आरसीवरून बँकेचं नाव काढायचा अर्ज) डोळ्याने बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, किंवा द्यायचाच असेल तर थेट बँकेच्या लोन अकाउंटला भरायचा.

कागद बघायचा क्रम असा ठेवा. आधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका, कितवा मालक, हायपोथिकेशन म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, इन्शुरन्सची तारीख, दंडाची चलनं दिसतात. मग मूळ आरसी हातात घ्या, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर न अक्षर जुळवा, फोटोवरून नाही, वाकून टॉर्च मारून. इम्पोर्टेड गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टममध्ये गाडी आल्याचा कागद, मागा, आणि त्यावरचा चेसिस नंबर पण जुळवा. हा कागद नसेल आणि "साहेब डिप्लोमॅटची होती" किंवा "एका मोठ्या माणसाची होती" असली गोष्ट ऐकायला मिळाली तर नमस्कार करून बाहेर या. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने ऑपरेशन नुमखोर केलं, भूतानमार्गे आणलेल्या महागड्या गाड्या पकडल्या, आणि त्यातल्या गाड्या ज्यांच्या दारात होत्या त्यांना उत्तरं द्यावी लागली. गाडी जप्त झाली की तुमची पाच वर्षांची गुंतवणूक सरकारी यार्डात पाऊस खात उभी राहते.

बाहेरच्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि ट्रान्सफरला फॉर्म २९ व ३०. "अहो तसंच चालवा, पाँडिचेरीचं पासिंग काय वाईट" असं सांगणारे भेटतील. कायद्याप्रमाणे १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथे नोंदवावी लागते. आणि विकताना पुण्यातला गिऱ्हाईक हेच कारण काढून तुमचे पाच-सात लाख तोडतो, मग आधी वाचवलेला टॅक्स गेला कुठे?

सर्व्हिस हिस्टरीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मागे बावधनला एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये करडी पोर्श ९११, ९९७ पिढीतली कॅरेरा बघायला गेलो होतो. मालक सत्तरीचे काका, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी गाडीच्या आधी मला एक दोनशे पानी वही दाखवली, निळं कव्हर, कोपरे सेलोटेपने चिकटवलेले. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किती लिटर, ओडोमीटर किती, टायरची हवा, कुठला घाट, बायको बरोबर होती की नाही. शेवटच्या पानांवर अक्षर थोडं थरथरलेलं. मला कंपनीच्या सर्व्हिस बुकपेक्षा ती वही जास्त खरी वाटली, कारण ओडो कुठेही उडी मारत नव्हता, पंधरा वर्षं सलग. काकांनी गाडी दिली, वही दिली नाही. म्हणाले, "झेरॉक्स काढून घेऊन जा, मूळ माझ्याकडे राहू दे." ती झेरॉक्स नवीन मालकाने स्पायरल बाइंडिंग करून ठेवलीये आणि विकताना तिचे पैसे त्याला नक्की मिळणार. तुम्ही गाडी घ्याल त्या दिवसापासून अशी वही चालू करा.

पायरी ५: गाडी प्रत्यक्ष बघणं

सकाळी जा, आणि मालकाला आधी सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवून बघा, कोमट लागला तर का ते विचारा. थंड इंजिन चालू करताना पहिल्या दहा सेकंदांत जे आवाज येतात ते नंतर येत नाहीत.

टायरची तारीख बघा. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. ११ हजार किलोमीटरची गाडी, टायर २०१४ चे, म्हणजे किलोमीटर खरे असू शकतात पण टायर लगेच बदलायचे, असल्या गाडीला ते दोन-तीन लाखाला जातात, भावातून वजा करा. उलट ११ हजार किलोमीटर आणि टायरचा तिसरा सेट असेल तर ओडोवर विश्वास ठेवू नका.

रंगाची जाडी मोजायचं मीटर विकत घ्या किंवा कुणाकडून आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, सगळ्या पॅनेलवर थोडाफार सारखा. एखाद्या दारावर २८० आलं तर रिपेंट, ६००-७०० आलं तर खाली पुट्टी. रिपेंट म्हणजे लगेच नाही म्हणायचं असं नाही, पुण्यात रिक्षाने घासलेल्या गाड्या ढिगाने आहेत, पण छत आणि पिलर यांचे आकडे वेगळे आले तर गाडी सोडा, तिथे रंग उगाच कुणी मारत नाही. मीटर अॅल्युमिनियमवर चालतं ना तेही आधी बघा, स्पोर्ट्स कारची बरीच पॅनेलं लोखंडाची नसतात.

पुराचं पाणी. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत गाड्या बुडाल्या, सगळ्यांनी पाहिलंय. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ असते, ती वरवर धुऊन जात नाही. सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखाली वास कसला येतो, बूटमधली स्पेअरची जागा, सगळं हाताने चाचपडा.

पोर्श असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये कॉम्प्युटर लावून ओव्हर-रेव्ह रिपोर्ट काढायला सांगा. मॅन्युअलमध्ये गिअर चुकला, पाचव्याऐवजी तिसरा पडला, की इंजिन लाल रेषेच्या पुढे फिरतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते रेंजनुसार मोजून ठेवतो. १ ते ३ रेंजमध्ये आकडे असणं चालतं, ४ ते ६ मध्ये असतील तर ते किती तासांवर झालंय ते बघा, अलीकडचं असेल तर थांबा. त्याच रिपोर्टमध्ये इंजिनचे एकूण तास असतात. ओडोचे किलोमीटर भागिले तास करा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी २५ ते ३५ येते, पण १८ हजार किलोमीटर आणि १९०० तास आले म्हणजे सरासरी साडेनऊ, त्या ओडोला कुणीतरी हात लावलाय.

प्रत्येक गाडीचं स्वतःचं दुखणं असतं, ते आधी माहीत पाहिजे. पोर्श ९११ च्या ९९६ आणि २००८ पर्यंतच्या ९९७ पिढीला आयएमएस बेअरिंग, म्हणजे इंजिनच्या आतलं एक बेअरिंग. बीएमडब्ल्यूच्या व्ही८ वाल्या एम३ ला, म्हणजे ई९० आणि ई९२, रॉड बेअरिंग, बदलल्याचं बिल असेल तर त्या गाडीला जास्त पैसे द्यावेत असं माझं मत. जुन्या सी ६३ च्या सुरुवातीच्या गाड्यांना हेड बोल्ट. पोलो जीटीआयला डीएसजीचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा, मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारा कंट्रोल युनिट), पहिल्या गिअरला चढावर धक्का बसतो का बघा. फेरारीची आतली बटणं चिकट होतात, आपल्या दमट हवेत जरा जास्तच, बोट लावलं की फेविकॉल लागल्यासारखं, ते नीट करून घेता येतं पण फुकट होत नाही. सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कची अवस्था मोजून घ्या, चारही बदलायची वेळ आली तर त्या पैशात छोटी गाडी येते.

पायरी ६: हिशोब, न लाजता

समजा गाडी ९० लाखाला घेतली, ट्रान्सफर, टायर, पहिलं मोठं सर्व्हिसिंग मिळून ४ लाख, झाले ९४. दरवर्षी इन्शुरन्स दीड लाख, सर्व्हिस आणि छोटीमोठी दुरुस्ती सव्वा लाख, पार्किंग-बॅटरी-कव्हर ५० हजार, म्हणजे सव्वातीन लाख, पाच वर्षांचे सव्वासोळा. आता ९४ लाख ७ टक्क्याने एफडीत ठेवले असते तर पाच वर्षांनी साधारण १ कोटी ३२ लाख, त्यात सव्वासोळा मिळवा, १ कोटी ४८ लाखाला विकली तर तुम्ही बरोबरीत. एफडीच्या व्याजावर ३० टक्के स्लॅबचा टॅक्स धरला तरी १ कोटी ३५ लाख. इथल्या बाजारात ९० ची गाडी पाच वर्षात १ कोटी ३५ ला जाणं हे अपवादानेच होतं.

पण हिशोब दुसऱ्या बाजूने पण करा. तुम्ही तसंही मजेसाठी एक गाडी ठेवणारच आहात आणि नवीन ९० लाखाची घेतली तर पाच वर्षात ती ४५ ला येते. घसारा होऊन गेलेली, नीट निवडलेली गाडी पाच वर्षांनी ८५ ला जरी गेली तरी ४० लाख वाचले. या गाड्यांमधला खरा फायदा तो आहे, आणि तो मिळवण्यासारखा आहे. कर्ज काढून मात्र घेऊ नका, साडेनऊ टक्क्याने ईएमआय भरत कलेक्टर कार ठेवणं म्हणजे वाचवलेला घसारा बँकेला नेऊन देणं.

पायरी ७: इन्शुरन्स

आयडीव्ही म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत. तिचं कोष्टक गाडीला चौथ्या ते पाचव्या वर्षी निम्म्यावर आणतो, आणि पाच वर्षांनंतर आयडीव्ही कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते. ऑनलाइन पोर्टल आपणहून कमी आकडा टाकतं आणि प्रीमियम कमी दिसला म्हणून लोक खूश होतात. ९० लाखाची गाडी ४० च्या आयडीव्हीवर असेल आणि खंडाळ्याच्या उतारावर कुणी मागून ठोकली तर टोटल लॉसला हातात ४० च येणार. सर्व्हेअरकडून व्हॅल्युएशन रिपोर्ट करून घ्या, फोन करून, माणसाशी बोलून आयडीव्ही वाढवून घ्या.

पायरी ८: पुण्यात ठेवायची कशी

जून ते सप्टेंबर बेसमेंटमध्ये ठेवायची असेल तर त्या बेसमेंटमध्ये कधी पाणी आलंय का ते वॉचमनला विचारा, सोसायटीच्या चेअरमनला नाही. बंद गॅरेज असेल तर छोटा डिह्युमिडिफायर लावा, चामड्यावर बुरशी पंधरा दिवसात येते. बॅटरीला ट्रिकल चार्जर. उंदीर, हे मी गंभीरपणे सांगतोय, एका रात्रीत वायरिंग हार्नेस कुरतडतात आणि असल्या गाडीचा हार्नेस जर्मनीहून यायला महिने जातात, त्यामुळे जाळी, पिंजरा, जे लागेल ते करा.

पेट्रोल आता सगळीकडे ई२०. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, उभ्या गाडीच्या टाकीत ते त्रासदायक, जुन्या रबरी पाइपना तर जास्तच. पुण्यात एक्सपी १०० मिळतं, इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेन पेट्रोल, त्यात इथेनॉल नाही असं सांगतात, महाग आहे, पण महिन्याला एक-दोनदाच निघणाऱ्या गाडीला टाकी भरून तेच घाला. आणि गाडी नुसती जागेवर चालू करून बंद करू नका, त्याने तेलात ओलावाच वाढतो. पंधरा दिवसांतून एकदा रविवारी पहाटे साडेपाचला काढा, चांदणी चौकातून ताम्हिणीच्या बाजूला किंवा लोणावळ्यापर्यंत, तेल पूर्ण गरम होऊ द्या, आठच्या आत परत. स्पीडब्रेकरवर तिरपी घ्या, पुढचा लिप वाचतो.

पायरी ९: विकताना

आयकर कायद्यात स्वतःच्या वापराची गाडी ही वैयक्तिक वस्तू धरली जाते, त्यामुळे फायदा झाला तर त्यावर कॅपिटल गेन लागत नाही, तोटा झाला तर तो दाखवताही येत नाही. पण गाडी कंपनीच्या नावावर असेल आणि घसारा घेतला असेल तर सगळं बदलतं, जीएसटी पण येतो, सीएशी घेण्याआधीच बोला. डीलरकडून दहा लाखांवरची घेताना १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने आधीच कापलेला आयकर, जातो तो रिटर्नमध्ये परत मागायचा, लोक विसरतात.

विकायला ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला, दसरा-दिवाळीला लोकांच्या हातात पैसे असतात आणि पावसाळा संपलेला असतो. दोन्ही किल्ल्या, टूलकिट, मूळ बिल, प्रत्येक सर्व्हिसची पावती, मोडीफाय केली असेल तर काढून ठेवलेले मूळ पार्ट, सगळं एका पेटीत. मूळ एक्झॉस्ट परत नसेल तर गिऱ्हाईक भाव तोडणारच आणि त्याचं बरोबर आहे.

पैसे आले, किल्ली दिली, म्हणजे संपलं असं समजू नका. डिलिव्हरी पावतीवर तारीख आणि वेळ लिहून सही घ्या, फॉर्म २९ ची पोच स्वतः ठेवा, आणि सरकारच्या 'वाहन' या वेबसाइटवर नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला नंबर टाकून बघा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, गाडी दुसऱ्याला विकली असली तरी. नवीन मालकाने ट्रान्सफरला टाळाटाळ करू नये म्हणून त्याच्याकडून दोन-तीन लाख डिपॉझिट म्हणून वेगळे घेऊन ठेवा, हे सौद्याच्या आधीच बोलून कागदावर घ्या, आणि नाव बदललं की त्याच दिवशी देऊन टाका.